नाव मराठीत आहे का?

दार पुढं फुगलेलं मला आधी दिसलं, आवाज नंतर आला. जाड फांदी मोडावी तसा एकच कडाका झाला. मग चाचणीसाठी आत भरलेलं पाणी दाराच्या कडेनं भसकन बाहेर पडलं आणि फरशीवरून माझ्या चपलांपर्यंत आलं. त्या पाण्यात दस्तगीर मुल्ला एका कुशीवर पडले होते. दोन्ही हात तोंडावर होते आणि बोटांमधून रक्त येत होतं.

“पंप बंद करा! अरे, पंप बंद करा कुणीतरी!”

हे मीच ओरडत होते, असं मला नंतर लोकांनी सांगितलं.

दस्तगीरभाई आमच्याकडचे सगळ्यांत जुने फिटर. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत भरतेश शेट्यांचा कारखाना होता. तिथं आम्ही दवाखान्यांसाठी ऑटोक्लेव्ह बनवायचो; म्हणजे ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायची स्टीलची मोठी पेटी. डिझाइन माझ्याकडं होतं. कुठली प्लेट किती जाड, दाराला बोल्ट किती, वेल्डिंग कुठं, हे माझ्या टेबलावर ठरायचं आणि मग शॉपमध्ये जायचं. मशीन बाहेर पडायच्या आधी त्यात पाणी भरून, रोजच्यापेक्षा जास्त दाब देऊन बघतात. त्या दिवशी तेच चाललं होतं. दार वाकलं, एक बोल्ट तुटून उडाला आणि दस्तगीरभाईंच्या उजव्या डोळ्यात गेला.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर आम्ही बाकड्यावर बसलो होतो. त्यांच्या बायकोनं, हाजराबींनी, मला ओळखलं. दर ईदेला मी त्यांच्या घरी जायची.

“बाई, ते चित्र तुम्हीच काढलेलं का?”

“हो.”

“मग तुमाला कळलं कसं न्हाई?”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या खरंच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कोल्हापूरच्या एका जुन्या सल्लागाराकडून त्यांनी रातोरात हातानं गणित करून घेतलं होतं.

“बस. दाराची प्लेट दीडपट जाड पाहिजे होती. दीडपट, आवटी! थोडंथोडकं नाही.”

“साहेब, सॉफ्टवेअरनं जी जाडी दिली तीच मी घेतली. असं चौकोनी दाराचं मोठं मॉडेल आपण पहिल्यांदाच करत होतो, तुलनेला जुनं काही नव्हतं. म्हणून मी दोनदा चालवून बघितलं होतं.”

“मटेरियल कुठलं निवडलंस?”

“टेंडरमध्ये होतं तेच. स्क्रीनवर अजून दिसतंय, बघा की.”

“बघितलं. स्क्रीनवर सगळं बरोबर आहे. दाब बरोबर, माप बरोबर, मटेरियल बरोबर. आणि उत्तर चूक. मग सांग, मधे काय झालं?”

आम्ही पुण्याच्या एका कंपनीचं ‘कुंभ’ नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. आकडे भरले की ते जाडी काढून द्यायचं आणि ड्रॉइंगही तयार करायचं. माझी सात-आठ वर्षं त्यावर गेली होती.

“कुंभवाल्यांना मी सकाळीच फोन केला,” साहेब म्हणाले. “तुझेच आकडे त्यांना वाचून दाखवले. त्यांचं उत्तर बरोबर येतंय. त्यांचा माणूस मला म्हणाला, वापरणाऱ्याची चूक आहे, लिहून देतो.”

“मी काहीही बदललं नाही, साहेब.”

“प्लेट पातळ झाली की लोक काय म्हणणार ठाऊक आहे का? शेट्यानं स्टील वाचवलं आणि एका माणसाचा डोळा घालवला. उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार आहेत. डिझाइन कुणी केलं असं विचारलं तर तुझं नाव मला सांगावं लागेल. आजचा दिवस तुझ्याकडं आहे. काय झालं ते शोध.”

मी जागेवर येऊन बसले. नवी फाइल उघडली, सगळे आकडे परत भरले आणि गणित चालवलं. उत्तर बरोबर आलं, कोल्हापूरच्या सल्लागाराचं होतं तेच. जुनी फाइल उघडली, तर उत्तर चूक. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून मी एकेक रकाना बोट लावून ताडून बघितला. कुठं काही फरक नव्हता.

असं तीन-चार वेळा केल्यावर मला माझीच भीती वाटायला लागली. मी झोपेत काही केलं का? घाईत भलतंच बटण दाबलं का? आजूबाजूची मंडळी माझ्याकडं न बघता कामं करत होती. पाणी प्यायला उठले तर कूलरपाशी बोलणारे दोघं गप्प झाले. माझा नवरा तेव्हा नोकरीसाठी मस्कतला होता. त्याला मी अजून काही कळवलंच नव्हतं. काय कळवणार? की माझ्या हातून एका माणसाचा डोळा गेला आणि कसा गेला ते मला माहीत नाही?

दुपारी मी स्वतः कुंभच्या मदत केंद्राला फोन लावला. पहिल्या मुलीनं ठरलेले प्रश्न विचारले. मी तिला सोडलंच नाही. शेवटी वैतागून तिनं फोन आत कुणाला तरी जोडून दिला.

“निशिकांत लोटलीकर बोलतोय. मॅडम, तुमची केस सकाळी झालीय. आम्ही तपासलं.”

“काय तपासलं? तुम्ही आकडे नव्यानं भरलेत. नव्यानं भरले की माझंही उत्तर बरोबर येतं. जुन्या फाइलमध्ये चूक येतं.”

“मग जुन्या फाइलमध्ये काहीतरी वेगळं आहे.”

“काहीही वेगळं नाही हो! मी सकाळपासून तेच बघतेय. दाब तोच, माप तेच, मटेरियल तेच. फक्त वरचं नाव तेवढं नव्या फाइलमध्ये मी लिहिलं नव्हतं. बाकी सगळं...”

“काय नाव आहे?”

“दवाखान्याचं. ग्रामीण रुग्णालय आणि गावाचं नाव. सरकारी टेंडर आहे, ड्रॉइंगवर ते लागतं.”

मग त्यानं विचारलं, “नाव मराठीत आहे का?”

“हो. या वेळी तशीच अट होती.”

“फोन ठेवा. मी बाहेर जाऊन माझ्या मोबाइलवरून करतो.”

पाच मिनिटांत फोन आला. मागं रस्त्याचा आवाज होता आणि त्याचा श्वास लागला होता.

“जुनी फाइल उघडी आहे? नाव पुसा. तिथं नुसतं इंग्रजी ए लिहा. आता गणित चालवा.”

मी चालवलं. जाडी बरोबर आली.

“आता परत मराठी नाव लिहा.”

लिहिलं. जाडी खाली आली. माझ्या डोळ्यांसमोर आली.

“नावासाठी आम्ही जी जागा ठेवलीय ती इंग्रजी अक्षरांच्या हिशेबानं,” तो घाईघाईनं सांगत होता. “मराठी अक्षराला तिप्पट जागा लागते. नाव मावलं नाही की उरलेलं शेजारच्या जागेत सांडतं. शेजारी मटेरियलचा नंबर असतो. तो खराब झाला की प्रोग्राम यादीतलं पहिलं मटेरियल धरतो, आणि पहिलं आहे ते सगळ्यांत मजबूत. म्हणून तुम्हाला पातळ प्लेट दिली.”

“पण स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय.”

“स्क्रीन दुसरीकडून वाचते.”

“तुम्हाला हे लगेच कसं सुचलं?”

“ते सोडा. मॅडम, मराठी नावाची अजून किती मशीन गेलीत?”

तोवर मी फक्त माझ्या सुटकेचा विचार करत होते. खोटं कशाला सांगू, नाव पुसल्यावर उत्तर बरोबर आलं तेव्हा मला रडू येईल इतकं हलकं वाटलं होतं. त्याच्या प्रश्नानं ते सगळं गेलं.

“एक,” मी म्हणाले. “आंबेघोळला गेलंय.”

आंबेघोळ घाटाच्या तोंडाशी असलेलं गाव. याच टेंडरमधलं, याच नव्या मॉडेलचं पहिलं मशीन पंधरवड्यापूर्वी तिथल्या सरकारी दवाखान्याला घाईनं पाठवलं होतं. त्याचीही पाण्याची चाचणी झाली होती आणि ते टिकलं होतं. पण दाब काढल्यावर दार उघडताना दोघांना जोर लावावा लागला होता. नवं आहे, घट्ट असेल, असं आम्ही सगळे म्हणालो होतो. एकदा टिकलेलं दार रोजच्या वाफेला टिकेलच असं नसतं. रोज थोडं वाकतं, रोज थोडं परत येतं, आणि एक दिवस येत नाही.

मी साहेबांच्या केबिनमध्ये पळत गेले. त्यांनी सगळं ऐकलं, स्क्रीनवर बघितलं आणि आंबेघोळला फोन लावला. बऱ्याच वेळानं तिथल्या क्लार्कनं उचलला.

“मशीन बंद ठेवा, दारात दोष आहे,” साहेब ओरडून सांगत होते.

“तसं कसं बंद ठेवायचं? जिल्ह्याच्या साहेबांकडनं लेखी आलं पायजे,” पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. “आणि मशीन झकास चाललंय की. सकाळी शिबिर झालं...”

लाइन गेली. परत लागली नाही. मोबाइलला रेंज नव्हती.

“साहेब, कुणीतरी जायला पाहिजे.”

“मी येत नाही,” साहेब म्हणाले. “मी तिथं उभा राहिलो की कंपनीनं कबूल केलं असं होतं. वकील काय म्हणतो ते आधी बघायला पाहिजे.” एवढं बोलून त्यांनी खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली आणि टेबलावरून माझ्याकडं सरकवली. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

मी तोवर गाडी फक्त सांगली-मिरज चालवलेली होती. संकेश्वरपर्यंत रस्ता मोठा होता. पुढं गडहिंग्लज सोडल्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकत, हॉर्न देत, शिव्या खात मी गेले. वाटेत दर गावात थांबून फोन लावून बघायची. एकदा रिंग वाजली आणि कुणी उचललं नाही. फोन कुणी उचलत नाही म्हणजे काय झालं असेल, असले विचार डोक्यात येत होते. दिवस कलायच्या बेताला मी आंबेघोळच्या दवाखान्याच्या आवारात गाडी घातली.

आवारात पंधरा-वीस माणसं बसली होती. एक म्हातारी पदर तोंडात धरून बसली होती. मी आत शिरले आणि ऑपरेशन थिएटरची पाटी बघून त्या बाजूला पळाले. थिएटरच्या भिंतीला लागूनच आमचं मशीन होतं. हीटर चालू होता. घड्याळासारख्या गेजवर काटा बारा पौंडांच्या पुढं गेलेला होता. रोज ते तीस पौंडांवर चालायचं. मी पुढं होऊन हीटरचं बटण बंद केलं.

“ए बाई! कोण तू? हात काढ तिथनं!”

पन्नाशीच्या एक सिस्टर ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. छातीवर नावाची पट्टी होती: ल्युसी बारदेस्कर.

“सिस्टर, मी कुपवाडहून आलेय. हे मशीन मी डिझाइन केलंय. दार पातळ आहे. काल असलंच दार वाकून आमच्या माणसाचा डोळा गेला. हे चालवू नका.”

“चालवू नका?” सिस्टरनी ट्रे खाली आपटला. “टेबलवर बाई घेतलीय मी. मूल अडकलंय, त्याचे ठोके कमी व्हायला लागलेत. सकाळच्या ऑपरेशनच्या शिबिरात हत्यारांचे सगळे सेट संपले. एक सेट आत टाकलाय, तो निघाला की पोट उघडायचं. आणि तू म्हणतेस चालवू नका?”

“दुसरं मशीन?”

“जुनं होतं ते तुमचंच नवं आल्यावर भंगारात गेलं.”

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. डॉक्टर गुरव, तिशीचे असतील. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

“गडहिंग्लजला हलवता येईल का?” मी विचारलं.

“नाही. तेवढा वेळ असता तर मी इथं हात घातला असता का? हे रोज चालतंय, मॅडम. सकाळी चाललं. आजच्या दिवस चालणार नाही का?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे चालेलही.”

“चालेल किंवा नाही. वाफ आहे डॉक्टर, पाणी नाही. दार गेलं तर या खोलीतलं कुणी राहणार नाही, आणि ही भिंत तुमच्या टेबलाला लागून आहे.”

आतून त्या बाईचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, ती कुणाला तरी हाक मारत होती.

मी तिथं पडलेल्या एका केसपेपरच्या पाठीवर गणित मांडलं. खरी प्लेट, खरं मटेरियल, निम्मा दाब. परत एकदा मांडून बघितलं.

“पंधरा पौंडांवर दार टिकेल. ते मी खात्रीनं सांगते. पंधरा पौंडांवर चालतं ना?”

“चालतं,” सिस्टर म्हणाल्या. “पण वेळ लागतो. तीस पौंडांवर चार मिनिटांत होतं. पंधरावर पंधरा-वीस तरी.”

“वीस मिनिटं माझ्याकडं नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “मॅडम, बाजूला व्हा.”

मी बाजूला झाले नाही. पाठ मशीनला लावून उभी राहिले. आजही मला माझा तो आवाज ओळखू येत नाही. “मी दाब वर जाऊ देणार नाही. तुम्ही मला ओढून काढा, तेवढ्यात तुमची पाच मिनिटं जातील. नाहीतर मला पंधरावर चालवू द्या. मी इथंच उभी राहते.”

डॉक्टरांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी खाली बघितलं. “लाव,” ते सिस्टरना म्हणाले. “हत्यारं मोकळीच टाकलीत, कापडात नाहीत. पंधरा मिनिटांच्या वर मी थांबणार नाही.” आणि आत गेले.

मशीन आपोआप तीसवर जाणारं होतं. पंधरावर धरायचं तर ते माणसानंच धरायला हवं होतं. काटा चढला की हीटर बंद करायचा, तरी चढला तर वाफेचा व्हॉल्व्ह हातानं किंचित उघडायचा, उतरला की परत हीटर. मी सिस्टरना बाहेर जायला सांगितलं.

“माझा सेट आहे आत,” त्या म्हणाल्या. “मी कुठं जाऊ?” त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि मधून मधून वेळ सांगत राहिल्या.

दाराच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक वाफ येत होती. काटा सोळावर गेला की मी व्हॉल्व्ह किंचित उघडायची, चौदावर आला की सिस्टर म्हणायच्या, “बाई, कमी नको होऊ देऊ, परत पहिल्यापासनं मोजावं लागेल.” व्हॉल्व्ह तापला होता, मी ओढणी गुंडाळून धरला होता. भिंतीपलीकडून त्या बाईची हाक यायची थांबली. सिस्टरनी घड्याळावरची नजर काढली नाही, पण त्यांचे ओठ हलायला लागले.

वेळ झाल्यावर मी वाफ सोडली. दार उघडायला दोघींनी जोर लावला. सिस्टर ट्रे घेऊन धावल्या.

मी तिथंच खाली बसले. पलीकडून लोखंडाचा आवाज, डॉक्टरांचा आवाज, परत लोखंडाचा आवाज. मी रडण्याची वाट बघत होते. लहान मुलाच्या रडण्याची. थोड्या वेळानं वाट बघायचं थांबले.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“आई आहे,” त्या म्हणाल्या. “मूल गेलं. मुलगा होता.”

बाईचं नाव सुगंधा होतं, ते मला बाहेर तिच्या माणसांच्या तोंडून कळलं.

मशीनचं दार पुढं तपासायला नेलं. बिजागरीजवळच्या वेल्डिंगला केसाएवढ्या चिरा सापडल्या. तपासणाऱ्या माणसाला मी विचारलं, त्या दिवशी तीस पौंडांवर नेलं असतं तर? तो म्हणाला, “गेलंही असतं. किंवा अजून सहा महिने चाललंही असतं. हे कुणीच सांगू शकत नाही, मॅडम.” नवं दार बसवायला आम्ही आंबेघोळला गेलो तेव्हा बारदेस्कर सिस्टर भेटल्या. मी न विचारताच त्या म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, ठोके आधीच गेले होते.” मग म्हणाल्या, “पण डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात.”

चौकशी सांगलीला झाली. मला वाटलं होतं की कुंभवाले वकील पाठवतील. वकील आलाच, पण त्याच्या मागून लोटलीकरही आला, स्वतःहून. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. चौकशी अधिकाऱ्यानं त्याला तोच प्रश्न विचारला, जो मी फोनवर विचारला होता.

“तुम्हाला नावाचं लगेच कसं सुचलं?”

“आम्हाला ते आधीच माहीत होतं, साहेब,” लोटलीकर म्हणाला. वकील उठून उभा राहिला, पण हा थांबला नाही. “वर्षापूर्वी एका कॉलेजच्या मुलानं आम्हाला कळवलं होतं. तो असली भोकं शोधायचा. त्यानं दाखवून दिलं, की नावाच्या जागी मुद्दाम लांबलचक मजकूर घालून फाइल पाठवली, तर तो मजकूर सांडून पुढं जातो आणि प्रोग्राम त्यालाच हुकूम समजून पाळतो. फाइल उघडणाऱ्याचा सगळा कॉम्प्युटर पाठवणाऱ्याच्या हातात जातो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“वरून सांगितलं, बोलायचं नाही. बोललो तर चोरांना कळेल. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. ती दोनदा पुढं गेली. मी दोनदा आठवण केली, मग मीही गप्प बसलो. ऑटोक्लेव्ह बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर कोण कशाला डल्ला मारेल, असं सगळे म्हणायचे. आम्ही चोराची वाट बघत होतो, साहेब. कुणी साधं दवाखान्याचं नाव लिहील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

माझ्यावरचा ठपका त्या दिवशी निघाला. शेटेसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. हाजराबींना मी जाऊन सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “म्हंजे नावामुळं,” त्या म्हणाल्या, आणि दस्तगीरभाईंच्या चहात साखर ढवळायला लागल्या. कुंभची नवी आवृत्ती महिनाभरात आली. सोबतच्या कागदावर काय काय बदललं ते लिहिलं होतं, त्यात या गोष्टीला ‘किरकोळ दुरुस्त्या’ म्हटलं होतं.

पण ते पुढचं. चौकशी संपली त्या दुपारी कचेरीच्या पायऱ्यांवर लोटलीकर एकटाच बसला होता. त्याची नोकरी सकाळी साक्षीनंतर लगेच, फोनवरच गेली होती. यायच्या आधी त्यानं राजीनामा दिला नव्हता, त्यांनीच काढलं होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“तुम्हाला एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात, पुढं काय झालं ते मला कळलंच नाही. तुम्ही पोचलात तेव्हा मशीन चालू होतं?”

“होतं. काटा चढत होता.”

“आणि तुम्ही थांबवलंत?”

“पंधरावर धरलं.”

“म्हणजे ऑपरेशन होतं का तेव्हा?”

“हो. बाळंतपणाचं.”

तो माझ्याकडं बघत होता. त्या आठवड्यात तो झोपला नसावा. मी आंबेघोळच्या आवारातली ती म्हातारी आठवत होते, पदर तोंडात धरून बसलेली. चौकशीच्या कागदांत सुगंधाच्या मुलाचा उल्लेख कुठंच नव्हता. तो आमच्या दाराचा विषय नव्हता.

“आई वाचली,” मी म्हणाले.

“म्हणजे वेळेत पोचलात.”

“हो,” मी म्हणाले. “तुम्ही फोन केलात म्हणून.”

त्यानं दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला. मग पिशवीतून डबा काढला, झाकणात एक पोळी आणि भाजी घेतली आणि माझ्यासमोर धरली. “पहाटे पुण्याहून निघालो, बायकोनं दिला होता. सकाळपासून घशाखाली उतरतच नव्हतं. घ्या ना.”

तो जेवायला लागला, भूक लागलेल्या माणसासारखा. माझ्या हातातली पोळी वाळून कडक झाली होती. मी पहिला घास तोडला, बराच वेळ चावत राहिले, मग दुसरा तोडला. तो बघत होता, म्हणून मी सगळी संपवली.